शेतशिवार आणि माळरानावरचं पक्षीनिरीक्षण: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शन

पक्षी बघायला सुरुवात करायची म्हटलं की बहुतेक जण जंगल नाहीतर धरणाकाठ गाठायचं ठरवतात. भिगवणला जाऊन रोहित बघून येतात, फोटो काढतात आणि पुढे वर्षभर दुर्बीण कपाटात पडून राहते. खरं तर शिकायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे शेतशिवार आणि त्याला लागून असलेला झुडपी माळ. उघडी जागा, लांबवर नजर जाते, पक्षी पानांआड दडत नाहीत आणि बहुतेकांच्या घरापासून हे सगळं तासाभरात गाठता येतं.

मी लिहितोय ते पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या कमी पावसाच्या पट्ट्याबद्दल. सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूर, कर्जत, फलटण या भागांतला ज्वारी-बाजरीचा प्रदेश. कोकणात किंवा गोव्यात भातखाचरं आणि कातळसडे आहेत, तिथलं वेळापत्रक वेगळं. पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच: शेतात कोणतं काम चाललंय ते बघा, पक्षी त्या कामाच्या मागे येतात. नांगरट, पेरणी, हुरडा, काढणी ही कामं ज्याला कळतात त्याला कुठला पक्षी कुठे आणि कधी बघायचा हे निम्मं कळलेलं असतं.

१. एकच शिवार निवडा

दर रविवारी नवी जागा गाठू नका. पहिल्या वर्षी तरी एकच शिवार धरा, महिन्यातून निदान दोनदा जाता येईल असं. त्यात या गोष्टी असल्या तर उत्तम: थोडी जिराईत शेती, थोडी बागाईत, एखादी जुनी विहीर, बांधावर बाभळी-बोरी आणि शेजारी तरवड, हिवर, कुसळी गवत असलेला माळ. दोन किलोमीटरच्या फेरीत हे सगळं मिळालं की दुसरीकडे जायची गरज नाही.

सकाळी चालायची दिशा आधीच ठरवून ठेवा. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे चालायचं. सूर्य समोर आला की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि नवशिक्याचं धैर्य तिथेच खचतं. उन्हाळ्यात सूर्योदयापासून दोन-अडीच तास पुरे. दहाच्या पुढे माळावरून तापलेली हवा वर येते आणि दुर्बिणीत सगळं थरथरायला लागतं.

२. सामान

- दुर्बीण: ८×४२. आठ पट जवळ दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेही पुरेसा उजेड येतो. दुकानदार १०×५० किंवा त्याहून मोठी घ्या म्हणेल. ती जड असते, हात हलतो आणि उन्हात थरथर जास्त दिसते. अगदी छोटी, खिशात मावणारी घेऊ नका, पहाटेच्या अंधूक उजेडात ती उपयोगाची नाही.
- वही आणि पेन्सिल. पेन पावसात दगा देतं.
- भरपूर पाणी, टोपी, मातकट किंवा फिकट हिरवे कपडे. पांढरा शर्ट माळावर फार लांबून दिसतो.
- घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पँट. हा खर्च टाळू नका. झुडपी, दगडी माळावर फुरसं असतं, शेतात आणि बांधाच्या गवतात घोणस. शिवाय दिवाळीनंतर कुसळं मोज्यांत शिरली की चालणं नकोसं होतं.
- मोबाईलवर मर्लिन (पक्षी ओळखायला) आणि ईबर्ड (नोंदी टाकायला) ही दोन्ही ॲप, दोन्ही मोफत. मर्लिनमध्ये आपल्या भागाची माहिती आधी घरी उतरवून घ्या, माळावर नेटवर्क मिळेलच असं नाही.

कॅमेरा पहिल्या वर्षी नसला तर बरं. कॅमेरा हातात आला की माणूस पक्ष्याकडे बघायचं थांबतो आणि जवळ सरकायला लागतो.

३. परवानगी आणि कागदपत्रं

शेत कोणाचं तरी असतं हे शहरातून आलेला माणूस सहज विसरतो. बांधावरून चालण्याआधी जो कोणी शेतात दिसेल त्याला रामराम करा, दुर्बीण दाखवा, काय करताय ते सांगा. "काका, पक्षी बघायला आलोय, बांधाबांधाने जाऊ का?" एवढं पुरतं. जमिनी घेणारे दलाल आणि मोजणीवाले सतत फिरत असल्यामुळे अनोळखी माणूस दिसला की लोकांना शंका येते, ती रास्त आहे. दुर्बीण त्यांच्या हातात द्या, त्यांनाही बघू द्या. त्यानंतर तुम्हाला जी माहिती मिळते ती कुठल्याही ॲपमध्ये नाही: घुबड कुठल्या विहिरीत बसतं, तित्तर पहाटे कुठे ओरडतात, टिटवीने अंडी कुठल्या वावरात घातलीत. मेंढरांमागे दिवसभर माळावर असणाऱ्या धनगरांना तर आवर्जून विचारा.

अभयारण्यात जायचं असेल तर:

- सरकारी ओळखपत्र (आधार किंवा वाहन परवाना) आणि गाडीची कागदपत्रं.
- प्रवेश शुल्काचे आणि कॅमेऱ्याच्या वेगळ्या शुल्काचे पैसे, शक्यतो सुटे.
- प्रवेशाच्या वेळा आणि नियम वनविभागाकडून आधी विचारून घेतलेले.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण नवशिक्याला फार चांगलं: चिंकारा, चंडोल, खाटीक, हिवाळ्यात शिकारी पक्षी. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळविटांसाठी प्रसिद्ध असलं तरी पक्षीही भरपूर. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे, तिची नोंदणी ऑनलाइन होते. सोलापूरजवळचं नान्नज १९७९ साली माळढोकसाठी राखलं गेलं. आज माळढोक दिसेल या आशेने तिथे जाऊ नका, तो तिथून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तिथल्या गवतासाठी आणि त्यात राहणाऱ्या बाकीच्या पक्ष्यांसाठी मात्र जरूर जा.

४. पहिले चार-सहा आठवडे: तारांवरचे पक्षी

गवतात उडणारा करडा-तपकिरी ठिपका ओळखायचा प्रयत्न पहिल्या दिवशी करू नका. आधी विजेच्या तारा बघा. तारेवरचा पक्षी उघडा बसतो, बराच वेळ बसतो आणि त्याचा आकार स्पष्ट दिसतो. कोतवाल, वेडा राघू, होला, साळुंकी, खाटीक, कापशी घार आणि दिवाळीनंतर नीलपंख. एवढे पक्के झाले की त्यांच्या मापाने बाकीचे मोजता येतात.

ओळखताना रंग शेवटी बघा. आधी माप: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, होल्याएवढा की कावळ्याएवढा? मग चोच: दाणे फोडायची जाड, किडे टिपायची बारीक की टोकाला वळलेली? मग वागणं: जमिनीवर चालतो की उड्या मारतो, शेपटी हलवतो का, झुडपाच्या शेंड्यावर बसतो की आत घुसतो? तीरचिमणी चालता चालता शेपूट हलवते. गप्पीदास नेहमी काडीच्या टोकावर येऊन बसतो आणि जमिनीवर झेप घेऊन परत तिथेच येतो. चीरक शेपटी उभी करून दगडावर मिरवतो. खाटकाची वाकडी चोच आणि डोळ्यावरचा काळा पट्टा एकदा दिसला की विसरत नाही. त्याने बाभळीच्या काट्यावर टोचून ठेवलेला नाकतोडा किंवा सरडा सापडला तर मिनिटभर थांबून बघा.

मग एखाद्या बांधावर बाभळीच्या सावलीत बसा, अर्धा तास, न बोलता. चालण्याने जे दिसत नाही ते बसून दिसतं. लोकांना ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून ते ती गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकणं याच अर्ध्या तासात होतं.

५. ऋतूंचं वेळापत्रक

*मृगाच्या आगेमागे (मे अखेर ते जुलै).* वर्षाची सुरुवात इथून धरा, जानेवारीतून नव्हे. पावशा उन्हाळ्यातच ओरडायला लागलेला असतो, पण ढग जमले की त्याचं "पेरते व्हा, पेरते व्हा" दिवसरात्र चालतं. आवाज सगळ्यांना माहीत, पक्षी फार थोड्यांनी पाहिलेला. तो शिक्र्यासारखा दिसतो, त्यामुळे नवशिके त्याला शिकारी पक्षी म्हणून नोंदवतात. चोच बघा: शिक्र्याची आकडीसारखी वळलेली, पावशाची सरळसर. याच सुमारास मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून चातक येतात, काळे-पांढरे, डोक्यावर तुरा. जिथे सातभाईंचा गोंगाट तिथे चातक शोधा, कारण त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते.

पेरणीच्या नांगरामागे, आता ट्रॅक्टरमागे, गायबगळे, कोतवाल, साळुंक्या चालतात. गायबगळ्याचं डोकं आणि पाठ या दिवसांत नारिंगी झालेली असते. हिवाळ्यात पांढराशुभ्र पाहिलेला हाच पक्षी असं सांगूनही अनेकांना पटत नाही.

*खरीप (जुलै ते सप्टेंबर).* माळ हिरवा होतो आणि लपलेले पक्षी आवाजाने कळायला लागतात. गवतातून लावे बोलतात, वटवटे झुडपाच्या टोकावर येऊन गातात, चंडोल हवेत चढून गातात आणि गातच खाली उतरतात. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची वसाहत लागते. इथे भरपूर वेळ द्या. पिवळ्याधमक डोक्याचा नर उसाच्या पानाच्या किंवा गवताच्या लांब पट्ट्या फाडून आणतो, अर्धवट घरटं विणून त्याला लोंबकळत पंख फडफडवतो, मादी येऊन ते आतून तपासते आणि पसंत पडलं तरच पुढचं काम होतं. न पसंत पडलेली अर्धी घरटी तशीच लोंबत राहतात. ही सगळी घडामोड वीस-पंचवीस पावलांवर बसून दिसते, पक्ष्यांना काही त्रास होत नाही.

लाल मुनियाचा नर पावसाळ्यात आणि त्यानंतर लालभडक, अंगावर पांढरे ठिपके. उंच गवत आणि पाण्याचा ओलावा असेल तिथे बघा. पकडून विकणारे याच दिवसांत जाळी लावतात. जाळं किंवा फासे दिसले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार रानपक्षी पकडणं, पाळणं, त्यांची अंडी उचलणं हा गुन्हा आहे.

*रब्बी (ऑक्टोबर ते फेब्रुवारी).* पाहुण्यांचा हंगाम. नव्या माणसाला उत्साह येतो तो इथे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा ठिकठिकाणी अनुभवी लोकांबरोबर फिरायची संधी मिळते, ती सोडू नका.

माळाच्या गवतावरून जमिनीलगत तरंगत, डावीकडे-उजवीकडे झुकत जाणारा लांब पंखांचा शिकारी पक्षी म्हणजे भोवत्या. हे मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून येतात आणि इथे नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी खातात. फिकट राखाडी नर ओळखायला सोपे. तपकिरी माद्या आणि पिल्लं मात्र जाणत्यांनाही चकवतात, तिथे नुसतं "भोवत्या" लिहा. रात्री ते उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. संध्याकाळी अशा जागेत शिरलात तर सगळेच्या सगळे उठतील, म्हणून लांबच थांबा.

शाळूला कणसं आली की भोरड्यांचे थवे. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि थवा इतका मोठा की वळताना आभाळात सावली फिरते. त्या ज्वारी खातात, शेतकरी गोफण घेऊन उभा असतो. त्याला तिथे पक्षीप्रेमाचे धडे देऊ नका, त्याचं वर्षाचं धान्य आहे ते. बोलायचंच असेल तर भोरड्या नाकतोडे आणि टोळही खातात हे बोलण्याच्या ओघात सांगा. हुरड्याला बोलावलं तर जा. तिथेच ज्वारीच्या ताटांवर काळ्या डोक्याचे भारीट बसलेले दिसतील: पोट पिवळं, आणि फेब्रुवारी-मार्चकडे नराचं डोकं अधिकाधिक काळं होत जातं.

बागाईत भागाकडे दुर्लक्ष करू नका. लसूणघासाच्या किंवा गव्हाच्या भिजवलेल्या वाफ्यांत पिवळे धोबी पळत असतात, ओल्या मातीत हुदहुद चोच खुपसत फिरतो. पाणी कुठल्या वाफ्याला चाललंय हे मालकाला विचारा आणि तिकडे जा.

*उन्हाळा (मार्च ते मे).* बरेच जण या महिन्यांत बाहेर पडणं बंद करतात. माळाचे खरे रहिवासी नेमके याच दिवसांत दिसतात. गवत वाळून बसलेलं असतं, जमीन उघडी असते. धाविक थोडं पळतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. माळटिटवीच्या डोळ्यांपुढे पिवळी लोलकं (कातडीचे लोंबते तुकडे), आपल्या नेहमीच्या टिटवीची लाल. डोंबारी चंडोलाचा नर खालून काळा, उंच चढून एकदम खाली झेपावतो. करवानक दिवसा झुडपाखाली मोठे पिवळे डोळे उघडे ठेवून निश्चल बसतो आणि अंधार पडला की ओरडायला लागतो.

पाण्याची जागा शोधून ठेवा. कबुतरासारख्या दिसणाऱ्या पखुर्ड्या सकाळी उन्हं वर आल्यावर थव्याने पाण्यावर येतात, काही घोट घेऊन निघून जातात. त्यांचे नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी दूर माळावरच्या पिल्लांना नेऊन पाजतात. पाणवठ्याच्या अगदी काठाशी बसलात तर त्या उतरणारच नाहीत आणि त्या दिवसाचं पाणी चुकेल, म्हणून लांबवर, झुडपाआड बसा. पळस, पांगारा, काटेसावर फुलली असेल तर तिथे परतीच्या वाटेवरच्या भोरड्या मध पिताना सापडतील.

६. माळावर पाय टाकताना

टिटव्या, धाविक, चंडोल, तित्तर, करवानक, रातवा हे सगळे जमिनीवर अंडी घालतात. काहींची तर खड्ड्याएवढीही जागा नसते, उघड्या मुरमावर चार अंडी, रंग दगडाचाच. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत पायवाट सोडू नका आणि माळावर गाडी घालू नका. गाडीच्या चाकाखाली गेलेलं घरटं चालवणाऱ्याला कळतही नाही.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जाऊ लागला, तर समजा की घरटं जवळ आहे. जिथून आलात त्याच पावलांनी मागे फिरा. कडक उन्हात आई-बाप अंड्यांवरून उठून राहिले तर अंडी भाजतात. घरट्याचे फोटो काढू नका, मोबाईलवरही नाही.

तुमच्या स्वतःसाठी: कठडा नसलेल्या विहिरी गवतात दिसत नाहीत, दुर्बीण डोळ्यांना लावून कधीही चालू नका. झटका कुंपणाच्या तारेपासून दूर राहा. फवारणी चालू असलेल्या वावरात जाऊ नका. जुन्नर, शिरूर, आंबेगाव भागात उसाच्या कडेने पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने फिरू नका, उसात बिबटे राहतात. आणि माळावरची मेंढपाळांची कुत्री त्यांचं काम करत असतात: पळू नका, उभे राहा, मालकाला हाक मारा.

७. नवशिके जिथे हमखास अडकतात

हिवाळ्यातली सुगरण. पिवळा रंग उतरलेला असतो, थवा ज्वारीत बसतो आणि सगळे त्याला चिमण्या म्हणतात. चोच जाड, पाठीवर गडद रेघा, छाती फिकट आणि जवळजवळ रेघांविना, डोळ्यावर पुसट पिवळसर भुवई बघा.

माद्या. गप्पीदासाचा नर काळा-पांढरा, मादी मातकट. डोंबारी चंडोलाची मादी चिमणीसारखी. जोडी दिसेपर्यंत थांबा, नर शेजारी येतोच.

ॲपवर आंधळा विश्वास. मर्लिनने आवाजावरून नाव सुचवलं म्हणजे पक्षी तिथे आहेच असं नाही. कोतवाल आणि काही चंडोल दुसऱ्यांचे आवाज काढतात. नोंद तेव्हाच करा जेव्हा स्वतः पाहिलंय किंवा आवाज ओळखीचा आहे.

आवाज वाजवून पक्षी बोलावणं. मोबाईलवर आवाज लावला की नर आपल्या हद्दीत परका आला समजून घरटं सोडून धावत येतो. हे करू नका, सोबतच्या कोणी केलं तर थांबवा.

आणि माळाला "पडीक" म्हणणं. सरकारी नोंदींतही अशी बरीच जमीन पडीकच ठरते, मग तिथे खड्डे खणून रोपं लावली जातात. चांगल्या हेतूने होणाऱ्या अशा वृक्षारोपणाने धाविक, पखुर्डी, भोवत्या यांची जागा जाते, कारण त्यांना उघडं गवतच लागतं. तुमच्या गावात असा बेत ठरत असेल तर गावठाणात, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात झाडं लावा आणि माळ तसाच ठेवा, हे ग्रामसभेत उठून सांगा. वर्षभराच्या नोंदवहीचा तिथे मोठा उपयोग होतो.

८. नोंदी

वहीत तारीख, वेळ, हवा, शेतात काय चाललंय (नांगरट, पेरणी, हुरडा, काढणी), कुठला पक्षी, किती आणि काय करत होता. न ओळखलेल्याचं वर्णन लिहा, नाव ठोकून देऊ नका. घरी येऊन ईबर्डवर यादी टाका: किती वेळ, किती अंतर, आणि दिसलेले सगळे पक्षी, कावळे-साळुंक्यांसकट. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना होते, पंधरा मिनिटांची नोंदही चालते. सुरुवात करायला ती चांगली.

घुबडाची विहीर, भोवत्यांच्या मुक्कामाची जागा, कुठलंही घरटं: यांचा नेमका ठिकाणा समाजमाध्यमांवर किंवा व्हॉट्सॲप गटात टाकू नका, फोटोतलं लोकेशनही काढून टाका. तालुक्याचं नाव पुरे.